बाहेरचा सभासद

१४ ऑगस्ट

ताई,

मग मी काय करायला हवं होतं? फोन कट करायच्या आधी तेवढं तरी सांगायचं होतंस. "त्या दिवशी मुका झाला असतास तर बरं झालं असतं," एवढं म्हणालीस आणि ठेवून दिलास. नंतर मी परत परत लावत होतो, तो तुझ्या समोरच वाजत असणार आणि तू बघत बसली असणार. शेवटी भाऊजींनी उचलला. म्हणाले, "ती नाही बोलायची. तू लिही. लिहिलेलं ती फाडायच्या आधी वाचते." म्हणून लिहितोय. आठवीत मी शाळा सोडली तेव्हा तूच म्हणाली होतीस, निदान पत्र लिहिण्यापुरतं आलंय ना, बास. घे, हे ते पत्र.

तुला वाटतं मी त्या समितीत मिरवायला गेलो. थोडा गेलो होतो, खोटं कशाला बोलू? दिवसभर मी लाँड्रीत दुसऱ्यांचे पांढरे कोट धुतो. औषधांवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत गठ्ठा पोचवायचा तर मागच्या दाराने जायचं, वॉचमनने आधी वरपासून खालपर्यंत बघायचं, मग आत. आणि एक दिवस त्याच संस्थेच्या एक बाई आमच्या काउंटरवर येऊन कोटावरचा निळा डाग निघाला नाही म्हणून माझ्याशी भांडल्या. मीही भांडलो. तो रंग त्यांच्याच लॅबमधला, तो निघत नसतो, मी काय करू? पैसे देऊन निघताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला वाचता येतं?" मला वाटलं, तक्रार लिहून देणार आणि मलाच वाचायला लावणार. तर त्या समितीच्या सचिव निघाल्या.

माणसांवर नवीन औषध करून बघायचं तर आधी या समितीची परवानगी लागते. तिच्यात डॉक्टर आहेत, शास्त्रज्ञ आहेत, एक वकीलबाई आहेत, अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश आहेत. आणि एक तरी माणूस असा लागतो, जो यातलं काहीच शिकलेला नाही आणि संस्थेचं मीठ खात नाही. त्याला बाहेरचा सभासद म्हणतात. तो नसेल तर बाकीचे सगळे शहाणे बसले तरी निर्णय धरत नाहीत. असे दोघं होते. एक मुख्याध्यापक, ते बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. दुसऱ्या बाई मुलाकडे राहायला गेल्या, त्यांच्या जागी मी. संस्थेच्या कोटांचे पैसे लाँड्रीला मिळतात म्हणजे मी त्यांचा नोकर होतो का, यावर वकीलबाईंनी भरपूर खल केला. शेवटी ठरलं की नाही. आमच्या मालकाने मात्र त्या दिवसापासून माझं नावच बदललं. "काय सल्लागार, पडद्यांना कडक इस्त्री की मऊ? का आधी समिती बसवू?"

आता तुझं म्हणणं. आपल्या पैलवानचं नाव तिथल्या नव्या इंजेक्शनच्या यादीत लावून घ्यायला तुला मीच बोलावलं, तेव्हा मी नुसता कोट पोचवणारा होतो. त्या इंजेक्शनचा विषय मी सभासद असताना येईल हे मला काय माहीत? बैठक सुरू झाली की अध्यक्ष दर वेळी एकच प्रश्न विचारतात, आजच्या विषयात कुणाचं, कुणाच्या घरच्यांचं काही गुंतलंय का? सगळे चहाचा कप तोंडाला लावून मान हलवतात. त्या दिवशी मी म्हटलं, "माझा भाचा आहे त्या यादीत."

मला बाहेर जायला सांगितलं. हा नियमच आहे, त्यात अपमान नाही. मला वाटलं, मी बाहेर बसेन, ते आत मंजूर करतील आणि मी तुला फोन करेन. थोड्या वेळाने सचिव बाई आल्या. म्हणाल्या, "बैठक मोडली. तुम्ही इथे बाकावर, मुख्याध्यापक अंथरुणात. बाहेरचं कुणीच उरलं नाही. विषय ऑक्टोबरवर गेला."

मला त्यातलं एवढंच माहीत नव्हतं. देवाशपथ.

तुझा
भाऊ

२ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही म्हणजे फाडलंस का ठेवलंस, भाऊजी सांगत नाहीत. एवढंच म्हणाले, "वाचलं तिने, मग भांडी जोरात घासली."

मी तीनदा सचिव बाईंकडे जाऊन आलो. पहिल्यांदा म्हटलं, बैठक आधी घ्या. त्या म्हणाल्या, सगळे डॉक्टर एका दिवशी मिळवायचे म्हणजे लग्नाला सगळे रुसलेले पाहुणे एकत्र आणण्यासारखं आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, मी राजीनामा देतो, दुसरा बाहेरचा घ्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "तुम्ही राहिलात काय, गेलात काय, नवा माणूस वरून मंजूर होऊन यावा लागतो. एका पोस्टमास्तरांचं नाव पाठवलंय, निवृत्त आहेत. ऑक्टोबरपर्यंत येतील." तिसऱ्यांदा गेलो ते नुसता ओरडायला. कुणी बनवला असला नियम, की एक लाँड्रीवाला उठला की दहा डॉक्टर बिनकामाचे? बाईंनी ओरडू दिलं. मग म्हणाल्या, पूर्वी कुठं कुठं मुलांना न विचारता, आईबापांना न सांगता काहीही टोचलेलं आहे. तेव्हा खोलीत बाहेरचं कुणी नसायचं. म्हणून मोठ्या तज्ज्ञांच्या समितीने हा नियम घातला. मी म्हटलं, "मग तो पैलवानसाठीच घातला म्हणायचा."

ताई, एक गोष्ट तुला फोनवर सांगितली नव्हती. मी "भाचा आहे" म्हटल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला आणि अगदी हळू विचारलं, "लांबच्या नात्यातला का?" ते चांगले आहेत गं. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मी हो म्हटलं असतं तर ते पुढच्या पानावर गेले असते. सगळेच गेले असते. आणि मी म्हटलं, "सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे. त्याचं पहिलं पाऊल मी बघितलंय."

का म्हटलं ते मला सांगता येत नाही. गॅरेजमध्ये, बेकरीत, इथे लाँड्रीत, मला कुणी कधी काही विचारलं तर ते आधीच ठरवून विचारतात की मी खोटं बोलणार. किती वाजता आलास, डबा कुणी उघडला, गल्ल्याला हात लावलास का. तिथे पहिल्यांदाच विचारणाऱ्याच्या तोंडावर तसं काही नव्हतं. मग माझ्याने 'लांबचा' म्हणवेना. तू म्हणशील, तुझ्या मोठेपणापायी माझं पोर. म्हण.

नियम असा आहे की जमिनीवर बसलेल्या मुलाने कशाचाही आधार न घेता दहा सेकंदांच्या आत उभं राहायचं, तरच इंजेक्शन. ज्यांचे स्नायू अजून शिल्लक आहेत त्यांच्यातच फरक कळतो, असं तज्ज्ञांनी ठरवलंय. भाऊजी म्हणाले, तो हल्ली पलंगाचा पाय धरून उठतो. पलंगाजवळ बसू देऊ नकोस त्याला. खोलीच्या मधोमध बसव. रागावू नकोस, पण मधोमध बसव.

तुझा
भाऊ

९ ऑक्टोबर

ताई,

मंजूर झालं. पोस्टमास्तर आले होते, मी बाहेर बाकावर होतो. दाराच्या काचेतून सगळ्यांचे हात वर गेलेले दिसले. वीस तारखेला आणायला सांगितलंय. सकाळी उपाशी आणू नकोस, नीट खाऊन आण म्हणजे अंगात जोर राहील. बूट जुने घाल, नवे चावतात.

माझ्या खोलीवर उतरा. जिना आहे, मी उचलून नेईन.

२४ ऑक्टोबर

ताई,

तू माझ्या खोलीवर आली नाहीस. ठीक आहे. चादर नवी धुतलेली होती, एवढंच. आमच्याकडे चादरींना तोटा नाही.

तू म्हणालीस म्हणे भाऊजींना, "तो आत का नाही आला, मामा आहे ना." मला आत येता येत नव्हतं. त्या मुलाशी माझं नातं आहे हे आता त्यांच्या दप्तरात आहे, चाचणीच्या वेळी मी जवळ उभा राहिलो तरी त्याची बोंब होते. मी काचेच्या पलीकडे होतो. हातावर कोटांचा गठ्ठा तसाच, कारण मालकाने सोडलं ते काम सांगूनच.

मला सगळं दिसलं. तू त्याला सतरंजीवर बसवलंस, डॉक्टरांनी घड्याळ धरलं. तो आधी पालथा झाला. मग हात टेकून मागचं वर केलं. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहिला. आणि उभा राहिल्यावर हसला. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे, काचेत. त्याला वाटलं जमलं. लहान होता तेव्हा त्याच्या पोटऱ्या बघून आपणच त्याला पैलवान म्हणायला लागलो. केवढ्या घट्ट, केवढ्या भरलेल्या. सगळ्या गल्लीला दाखवायचो मी त्या पोटऱ्या. तो आजारच होता हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

डॉक्टरांनी परत करून घेतलं, तिसऱ्यांदाही घेतलं, मधे विश्रांती देऊन. दर वेळी जास्तच वेळ लागला. दार थोडं उघडं होतं. तू म्हणालीस, "ऑगस्टमध्ये याला एवढा वेळ लागत नव्हता हो. कुणालाही विचारा." डॉक्टर म्हणाले, "मला खोटं वाटत नाहीये, बाई. पण आकडा माझा नाही, समितीचा आहे. मी तो एकासाठी वाकवला तर उद्या कुणाचाच राहणार नाही." आणि पैलवान म्हणाला, "मी परत करतो ना. आता जमेल. आता मला ट्रिक कळलीय."

तू त्याला कडेवर घेतलंस आणि माझ्या समोरून गेलीस. एवढा मोठा मुलगा कडेवर. तो तुझ्या खांद्यावरून म्हणाला, "मामा, तुझ्याकडे किती कोट!" तू थांबली नाहीस.

मी त्याच संध्याकाळी मालकाला सांगितलं की महिनाअखेर मी जातोय. दुसऱ्या गावी कोळंबीच्या कारखान्यात माणसं घेतायत. मालक म्हणाला, "सल्लागार, तू जाणार हे मी दर महिन्याला ऐकतो." या वेळी मी खरंच जाणार आहे. तू म्हणतेस ना, मी कुठं टिकत नाही.

तुझ्या शिव्या मला मान्य आहेत असं मी लिहिणार नाही. पण त्या चुकीच्या आहेत असंही मला आता लिहिता येत नाही. ऑगस्टमध्ये तो उठला असता. हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, त्या डॉक्टरांनाही माहीत आहे.

११ जानेवारी

ताई,

तुझा फोन आला तेव्हा मी बॉयलरपाशी होतो, आवाजात अर्धं ऐकू आलं नाही. पण जे ऐकायचं ते ऐकलं. इतक्या महिन्यांनी तू स्वतःहून माझा नंबर लावलास आणि म्हणालीस, "तू तोंड उघडलंस म्हणून माझं पोर वाचलं रे." आणि रडलीस. मी "हो, हो" म्हणत राहिलो. भोवती सगळे होते. लाँड्रीत नवी लागलेली पोरगी पलीकडून चादरीचं टोक धरून उभी होती, "दादा, ओढ ना" म्हणत होती.

बातमी खरी आहे. दुसऱ्या शहरात याच इंजेक्शनचं केंद्र आहे, तिथला एक मुलगा गेला. इंजेक्शननंतर आठवड्यात त्याचं यकृत बंद पडलं. पैलवानपेक्षा थोडा मोठा होता. सगळीकडे काम थांबवलं.

पण ताई, मी त्याला वाचवलं म्हणू नकोस. मला काय माहीत होतं? मला यकृताचं काही माहीत नव्हतं, मला फक्त कुणाचा मामा आहे ते माहीत होतं. इथल्या आठ मुलांना इंजेक्शन दिलं, ती आठही घरी आहेत. एक जण तर सायकल मागतोय, असं बाई म्हणाल्या. पैलवान त्या आठांत असता की त्या एकासारखा झाला असता, हे कुणाला सांगता येणार? तू मला शिव्या देत होतीस तेव्हा निदान मला माझी जागा कळत होती. आता तू मला देवासारखं करतेस, आणि मला तुझ्यापुढे आणखी बोलायचं आहे. ते फोनवर जमलं नाही म्हणून हे पत्र.

मी कारखान्यात गेलो नाही. डिसेंबरात सचिव बाई लाँड्रीत आल्या. मला वाटलं परत डागाचं काही. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोस्टमास्तर आजारी आहेत, मुख्याध्यापक अजून घरातच. चाचणी परत सुरू करायची का, यावर बैठक आहे. तुम्ही या. आता तुम्हाला बसायला हरकत नाही. भाचा यादीत नाही ना आता." मला ते लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बोलून झाल्यावर मात्र काउंटरवरची पावती उगाच उलटीसुलटी करत राहिल्या.

मी गेलो. दाराबाहेर त्याच बाकावर एक बाप बसला होता, मांडीवर मुलगा. यादीतला पुढचा नंबर त्यांचा, आणि काम थांबलेलं. येता येता मी गठ्ठा आणला होता, हातावर कोट बघून तो मला डॉक्टर समजला. उठून उभा राहिला. "सुरू होईल ना हो साहेब? अजून उठतो हा. बघा, दाखवू का?" आणि त्याने पोराला खाली बसवलं, तिथे फरशीवर, मला दाखवायला. मी म्हटलं, मी लाँड्रीवाला आहे. तरी तो म्हणाला, "तरी बघा."

आत सगळं वाचून दाखवलं. वरच्या सुरक्षा समितीच्या तज्ज्ञांनी लिहिलं होतं की डोस कमी करा, मुलाला जास्त दिवस दवाखान्यात ठेवा, रक्त रोज तपासा, आणि मग सुरू करायला हरकत नाही. दोघं डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने थांबू. वकीलबाई म्हणाल्या, जो मुलगा गेला त्याचं आईबापांना पहिल्याच पानावर सांगा, आत कुठंतरी बारीक अक्षरात नको. वाद चांगलाच झाला. त्याआधी, सुरुवातीलाच, अध्यक्षांनी विचारलं होतं, कुणाचं काही गुंतलंय का? सगळ्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "माझा भाचा यादीत होता, चाचणीत बसला नाही." अध्यक्ष म्हणाले, "नोंद घेतली. बसा तुम्ही." तेवढंच. ताई, मागच्या वेळी हेच तोंड उघडलं म्हणून तो इंजेक्शनावाचून राहिला, आणि या वेळी तो राहिला म्हणून मला बसता आलं.

शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाहेरचे म्हणून तुमचं काय मत?" मला काय मत असणार? त्या गेलेल्या मुलाची आई कुठंतरी बसलेली आहे. तिला कुणी विचारलं तर ती काय म्हणेल? आणि तुला कुणी ऑगस्टमध्ये हे सगळं सांगितलं असतं, यकृत आणि सगळं, पहिल्या पानावर, तर तू काय केलं असतंस? मला वाटलं, तू थोडा वेळ रडली असतीस आणि मग पैलवानला बूट घातले असतेस. सहा महिने थांबलं की दाराबाहेरचा तो पोरगा स्वतःच्या अंगावर चढायला लागणार. थांबणं म्हणजे काय ते त्या खोलीत मलाच माहीत होतं असं नाही, डॉक्टरांनाही माहीत असणार. पण मी ते काचेतून बघितलंय.

मी म्हटलं, सुरू करा. हात वर केला. एका मताच्या फरकाने झालं ते. माझ्याच.

तू म्हणशील, ज्याने एक पोर मारलं, जे माझ्या पोराला दिलं नाही, ते तू दुसऱ्यांच्या पोरांना द्यायला सांगून आलास. तसंच आहे. हे गुपित असतं, मी सांगितलं नसतं तर तुला कधी कळलं नसतं, आणि तू मला अधूनमधून फोन करत राहिली असतीस. मला ते फार हवं होतं. पण तू ज्या कारणासाठी बोललीस ते कारण खोटं आहे.

बाहेर आलो तर तो बाप अजून तिथेच. मला निकाल सांगायची परवानगी नाही, मी नुसता गठ्ठा उचलला आणि निघालो. पुढे त्या मुलाचं काही झालं तर तोंड लपवायला मला दुसरं गाव शोधावं लागेल. बरं झालं तर मला कुणी कळवणार नाही. मी तरी सध्या इथेच आहे. बैठक मार्चमध्ये आहे परत.

चाकाच्या खुर्चीचं भाऊजी बोलले. तू नको म्हणालीस म्हणे, खुर्ची घरात आली की तो उठायचा बंदच होईल. तुझं घर आहे, मी सांगणारा कोण? पण शाळेचा रस्ता तू त्याला कडेवर घेऊन चालतेस आणि तुझी पाठ गेलीय, हेही भाऊजींनीच सांगितलं. घेतलीस तर त्याच्या आत्ताच्या मापाची घे. कपड्यांसारखी पुढे वाढेल म्हणून मोठी घेऊ नकोस, मोठ्या खुर्चीत मूल एका बाजूला कलंडतं आणि पाठीचा कणा वाकतो. नको असेल तर हे पैसे दुसऱ्या कशालाही लाव, मी विचारणार नाही. मालकाकडून उचल घेतलेली नाही, माझेच आहेत. अकरा हजार चारशे पाठवतोय.